मागें पडण्याची भाषा

पराभवाविषयीं एखाद्या समाजाला खरोखर काय वाटतें, हें त्याच्या पोवाड्यांवरून कळत नाहीं. पोवाड्यांत जो तो बहुधा जिंकलेलाच असतो. तें जाणावयाचें असेल तर त्या समाजांतील माणसें स्वयंपाकघरांत, आगगाडीच्या डब्यांत आणि शाळेच्या फाटकाशीं उभीं राहून एकमेकांशीं काय बोलतात, इकडे कान द्यावा लागतो. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत स्पर्धेविषयीं, आणि विशेषतः त्या स्पर्धेंत मागें राहण्याविषयीं, जे शब्द हल्लीं तोंडीं बसले आहेत, त्यांचें एखाद्या ग्रंथाप्रमाणें परीक्षण करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, ग्रंथपरीक्षणास आधीं ग्रंथ हवा. बाजारांतल्या आणि फलाटावरच्या बोलण्याचें परीक्षण तें कसलें? हा आक्षेप नवा नाहीं. परंतु यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनीं १९४२ ते १९४७ या काळांत 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांनीं लोकांच्या तोंडचे संप्रदाय हें भाषेचें धनच मानलें होतें. कोशकारानें तें धन सांठवावें आणि टीकाकारानें मात्र त्याकडे पाहून नाक मुरडावें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. वाक्प्रचार म्हणजे नांव हरवलेल्या कवीची एक ओळ होय. कवितेच्या ओळीला जीं मापें आपण लावतों तींच त्यालाहि लावतां येतील: त्यांतील चित्र नेमकें आहे काय, तें खरें बोलतें काय, आणि ज्याच्याविषयीं तें बोलतें त्या माणसाला तें कोठें नेऊन ठेवतें. यांतील तिसरें माप आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें. कारण जिंकलेल्याचें कौतुक करण्यास कोणतीहि भाषा पुरते. हरलेल्याला ती काय म्हणते, यांत तिची परीक्षा होते.

या विषयाचें आपलें सर्वांत जुनें शब्दभांडार रणांगणावरचें व आखाड्यांतलें आहे. १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपर्यंत पोंचल्या, आणि अजूनहि कोणाचा मुलगा परदेशीं मोठ्या हुद्द्यावर चढला कीं त्यानें 'अटकेपार झेंडा लावला' असें शेजारी म्हणतात. १७६१ सालीं पानिपतावर जो अनर्थ झाला, त्यावरून सपशेल पराभवास 'पानिपत होणें' हा शब्द कायमचा मिळाला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. इतिहासांतील पानिपतानंतर दहाच वर्षांनीं, १७७१ सालीं, मराठे दिल्लींत पुन्हां शिरले, आणि त्यांत महादजी शिंदे होते. वाक्प्रचारांतील पानिपताला मात्र तें १७७१ साल नाहीं. भाषेनें पराभव टिपून ठेवला आणि सावरणें टिपून ठेवलें नाहीं. एवढा उणेपणा सोडला तर रणांगणाची भाषा हरणाऱ्याशीं क्षुद्रपणानें वागत नाहीं. तिच्यांत 'आघाडी' इतकीच 'पिछाडी' हीहि जबाबदारीची जागा आहे. फौजेची पिछाडी सांभाळणारा मागें असे, परंतु तो मागें पडलेला नसे.

आखाड्याची भाषा तर याहून मोकळी. 'चीतपट करणें', 'माती चारणें', 'धोबीपछाड', 'आस्मान दाखविणें' या साऱ्यांत दोन मल्ल समोरासमोर उभे दिसतात. 'आस्मान दाखविणें' यांतील चित्र पाहावें. हरलेला मल्ल पाठीवर पडला आहे आणि त्याच्या डोळ्यांपुढें आकाशावांचून दुसरें कांहीं नाहीं. चित्र कठोर खरें. परंतु त्याला कोणीं पाडलें तें त्यांत स्पष्ट आहे, कोणत्या डावानें पाडलें तें पाहणाऱ्यांस ठाऊक आहे, आणि पुढच्या जत्रेंत तोच डाव उलटवितां येईल ही आशाहि त्यांत शिल्लक आहे. ज्या पराभवाला नांव आणि दिवस असतो तो सोसण्यास सोपा जातो.

याहून सुंदर शब्द मुलांच्या खेळांत सांपडतात, आणि त्यांचें श्रेय मुलांच्या पदरांत आपण पुरेसें घातलेलें नाहीं. लपंडावांत किंवा पकडापकडींत जो पकडला गेला, ज्याच्यावर आतां इतरांना शोधण्याची पाळी आली, त्याच्यावर आमचीं मुलें काय आणतात? 'राज्य' आणतात! 'तुझ्यावर राज्य आलें' हें वाक्य कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या अंगणांत जसें ऐकूं येई, तसें आज इमारतीखालीं गाड्या उभ्या करण्याच्या जागेंतहि ऐकूं येतें. हरलेल्याला राज्य देणारी ही भाषा त्याची थट्टा करते, आणि त्याच वेळीं पुढचा डाव त्याच्या हातीं सोंपविते. कारण त्याच्यावांचून खेळ चालूंच शकत नाहीं.

तसाच दुसरा शब्द 'लिंबूटिंबू'. घरांतलें सर्वांत धाकटें पोर, ज्याला अजून नीट पळतां येत नाहीं, तें खेळांत घ्या म्हणून हट्ट धरतें. तेव्हां मोठीं मुलें त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तें धांवेल, ओरडेल, पकडलें जाईल. परंतु त्याच्यावर राज्य येणार नाहीं. अशक्ताला बाहेर न घालवितां डावांत सामावून घेण्याची ही युक्ति मुलांनीं काढली व तिला नांवहि दिलें. पुढें मोठ्यांनीं हाच शब्द क्षुल्लक माणसाला हिणविण्यासाठीं वापरण्यास सुरुवात केली, याचा दोष मोठ्यांकडे जातो. आणि दुबळ्याला सांभाळून घेणारीं हींच मुलें लबाडाला मात्र सोडीत नाहींत. हरत आलें कीं भांडून डाव मोडणाऱ्यासाठीं 'रडीचा डाव' हा शब्द त्यांनींच तयार ठेविला आहे. दुबळेपणाला क्षमा आणि रडीला शिक्षा, असें हें बारक्या मुलांचें न्यायशास्त्र आहे.

हुतूतूचें उदाहरण तर आमच्या सबंध विवेचनाची किल्लीच होय. आज ज्याला कबड्डी म्हणतात त्या खेळाचे पूर्वीं अनेक प्रकार खेळले जात. त्यांतील 'संजीवनी' प्रकारांत बाद झालेला गडी 'मेला' असें म्हणत. परंतु त्याच्या बाजूनें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं तो पुन्हां 'जिवंत' होऊन मैदानांत येई. 'गामिनी' प्रकारांत मात्र मेला तो मेला. सगळा संघ बाद होईपर्यंत त्यानें कडेला बसून राहावयाचें. आज स्पर्धांतून जी कबड्डी सर्वत्र खेळली जाते तिनें गडी जिवंत करण्याचा नियम स्वीकारला आहे. खेळानें अशी संजीवनी पत्करली; आमचें बोलणें मात्र गामिनीकडे निघालें आहे, अशी आमची तक्रार आहे. ती कशावरून, तें आतां दाखवितों.

शाळा-कॉलेजांच्या परीक्षांनीं मराठींत अपयशाच्या शब्दांची मोठी भर घातली. 'आपटणें', 'गचकणें', 'दांडी उडणें', 'गटांगळ्या खाणें', 'भोपळा मिळणें', हे सारे शब्द खोडकर आहेत, आणि त्या खोडकरपणांत दया आहे. उत्तरपत्रिकेवरच्या शून्याला स्वयंपाकघरांतला भोपळा करून टाकलें कीं त्याची भीति निम्मी होते. वर्गांत शेवटचा नंबर आलेल्या मुलाला 'खालून पहिला' म्हणणारा विनोदी काका याच परंपरेंतला. परंतु या सर्वांत श्रेष्ठ शब्द 'वारी' हा होय. परीक्षेस पुनः पुनः बसणारा 'मॅट्रिकच्या वाऱ्या करतो' असें आजोबांच्या पिढींत म्हणत. यांतील चेष्टा उघड आहे. तथापि ज्या कोणीं पंढरीच्या वारीवरून हा शब्द उचलला, त्यानें नापास झालेल्या पोराला एकदम भाविकांच्या मेळ्यांत नेऊन बसविलें. वारकऱ्यांचा कोणी नंबर काढीत नाहीं. यंदा गेला तसा तो पुढल्या वर्षींहि जाईल, इतकेंच लोक बोलतात.

आतां याच क्षेत्रांतील आजचे शब्द घ्यावे: 'कट-ऑफ', 'पर्सेंटाइल', 'रँक', 'केटी', 'ड्रॉप घेणें'. हे बहुतेक कचेरीच्या कागदांवरून घरांत आले आहेत. मुलांनीं ते घडविलेले नाहींत. यांत चित्र नाहीं, म्हणून थट्टाहि नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या 'एटीकेटी' या अक्षरांमागील अर्थ वास्तविक उदार आहे: कांहीं विषय राहिले तरी पुढच्या वर्गांत बसण्याची मुभा. परंतु बोलण्यांत तिचें 'केटी लागली' असें झालें, जणू ती एखादी बाधाच! आणि 'कट-ऑफ' या शब्दांत तर कोणी कोणाला हरवीतच नाहीं. एक रेघ असते. तिच्या वरचे आंत, तिच्या खालचे बाहेर. ज्याला अर्धा गुण कमी पडला त्याला आपला प्रतिस्पर्धी कोण होता हें जन्मांत कळत नाहीं. पाडणारा मल्ल दिसत नसल्यामुळें पडल्याचा सगळा दोष तो स्वतःच्याच माथीं मारून घेतो.

शाळेहूनहि मोठा ठसा या शहरांच्या बोलण्यावर आगगाडीचा आहे, आणि तो असणें साहजिक आहे. १८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी बोरीबंदराहून निघाली ती ठाण्यास येऊन थांबली. पुढल्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेथें तो दुभंगून एक फांटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो. इतकीं वर्षें रुळांच्या शेजारीं राहिलेल्या लोकांनीं रुळांचीच भाषा बोलावी यांत नवल काय? संसाराची घडी विस्कटली कीं 'गाडी रुळावरून घसरते', सावरली कीं 'रुळावर येते'. कामास मंजुरी मिळाली कीं 'हिरवा कंदील' मिळतो. वरिष्ठांच्या मनांतून उतरलेल्या माणसाला 'साइडिंगला टाकतात'. आणि तिशी उलटली तरी लग्न किंवा नोकरी न जमलेल्याविषयीं 'त्याची गाडी सुटली' असें हळू आवाजांत सांगतात.

यांतील 'साइडिंगला टाकणें' हा प्रयोग आम्हांस अव्वल प्रतीचा वाटतो. बाजूच्या रुळावर उभा असलेला डबा मोडलेला नसतो. त्याचीं चाकें शाबूत असतात, आणि मुख्य मार्गावरून जाणाऱ्या गाड्या त्याच्या देखत धडधडत निघून जातात. कल्याणचें यार्ड ज्यानें पाहिलें आहे त्याला या शब्दांतील वेदना समजावून सांगावी लागत नाहीं. शिवाय या प्रयोगांत टाकणारा कोणी तरी आहे, हें सत्य तो लपवीत नाहीं. आणि बाजूला काढलेला डबा पुन्हां गाडीला जोडतां येतो, ही वाटहि तो मोकळी ठेवतो.

'गाडी सुटणें' याची गोष्ट निराळी. ज्या गांवीं दिवसांतून एकच गाडी थांबते तेथें हें चित्र बिनतोड आहे. परंतु ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या फलाटावर कांहीं मिनिटांत दुसरी गाडी येते. मग तेथील माणूस आयुष्याविषयीं बोलतांना वेळापत्रक कसें विसरतो? याचें उत्तर त्या फलाटावरच शोधावें लागतें. २०२५ सालच्या जूनच्या ९ तारखेस सकाळच्या गर्दींत मुंब्र्याजवळ दारांत उभे असलेले प्रवासी धांवत्या गाड्यांतून खालीं पडले व त्यांतील कांहींचे प्राण गेले. 'इतकी घाई कशाला? पुढची गाडी येतेच' असा उपदेश घरीं बसून करणें सोपें आहे. पुढची गाडीहि अशीच भरून येणार, हें दारांत लोंबकळणाऱ्याला अनुभवानें ठाऊक असतें. तेव्हां हा वाक्प्रचार सर्वस्वीं खोटा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. गाड्या पुष्कळ आहेत, जागा थोड्या आहेत. आणि भीति जागेची असतांना बोलणें मात्र गाडीचें होतें, एवढाच त्याचा दोष.

याच मार्गावरच्या जीवनाचा ताण २००५ सालीं निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' या चित्रपटानें पडद्यावर आणला. त्याचें शीर्षक एका गाडीचें आहे, आणि त्यांतील माधव आपटे हा त्या गाडीनें रोज जाणारा नियमनिष्ठ नोकरदार आहे. त्याला संताप येतो तो कोणी आपल्या पुढें गेल्याचा नव्हे. नियम मोडणारा सर्रास पुढें जातो आणि पाळणारा मागें ढकलला जातो, याचा. शर्यतीच्या बोलण्यांत हा भेद सहसा कोणी करीत नाहीं. चित्रपटाला तो दिसला.

आणि तरीहि त्याच गर्दीच्या डब्यांतून एक असा शब्द आला आहे, ज्याला आम्ही लिंबूटिंबूच्या शेजारीं बसवूं. तो म्हणजे 'चौथी सीट'. बांक तिघांचें. नियमानें चौथ्याला तेथें जागा नाहीं. परंतु उभा असलेला दमलेला मनुष्य 'सरका जरा' म्हणतो, तिघे अंग चोरतात, आणि चौथा अर्ध्या मांडीवर कां होईना, टेकतो. ही जागा रेल्वेनें दिलेली नाहीं. ती उतारूंनीं निर्माण केली आणि तिचें नांवहि ठेविलें. जेथें स्पर्धा अत्यंत तीव्र आहे तेथेंच चार बोटें सरकण्याचा रिवाज जन्मास यावा, ही गोष्ट मनुष्यस्वभावाविषयीं आशा वाटावी अशी आहे. तसेंच, मुंबईस जाणारे कित्येक डोंबिवलीकर बसावयास मिळावें म्हणून आधीं उलट दिशेनें कल्याणास जातात आणि तेथून परतणाऱ्या गाडींत बसून येतात. मागें जाणें आणि मागें पडणें हीं एक नव्हेत, हें तत्त्व ते रोज सकाळीं आचरतात. मात्र संध्याकाळीं घरीं येऊन मुलाशीं बोलतांना तें त्यांना आठवत नाहीं.

त्या मुलाशीं ते काय बोलतात? 'अरे, आत्तांपासून क्लास लावला नाहींस तर मागें पडशील.' आमच्या तक्रारीचें मूळ या शेवटच्या दोन शब्दांत आहे. मराठींत 'मागें' या अव्ययाशीं जोडलेलीं क्रियापदें अनेक, आणि प्रत्येकाची छटा वेगळी. 'मागें राहणें' यांत स्वेच्छेला जागा आहे. म्हाताऱ्या आईसाठीं कोणी मागें राहतो. 'मागें सरणें' यांत विचार आहे, 'मागें फिरणें' यांत निश्चय आहे. 'मागें पडणें' यांत यांपैकीं कांहींच नाहीं. पडणें हें आपोआप होतें: फळ पडतें, दांत पडतो, भिंत पडते. 'हरलों' म्हटलें कीं कोणाकडून, असा प्रश्न सहज येतो व त्याला उत्तर असतें. 'मागें पडलों' म्हटलें कीं कोणाच्या, असा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर 'सगळ्यांच्या' याहून निश्चित कधीं मिळत नाहीं.

शिवाय काळहि पाहावा. हें वाक्य घरांतून बहुधा भविष्यकाळीं बोललें जातें. कुस्तीला निकाल असतो, खेळाला दिवेलागण असते, परीक्षेला तारीख असते. 'मागें पडशील' यांतील शर्यतीला कोठेंच शेवट नाहीं. शेवट म्हणून एकच शब्द आजच्या बोलण्यांत आहे, आणि तो 'सेटल होणें' हा. जुनीं माणसें अशा वेळीं 'मुलगा मार्गीं लागला' असें म्हणत. दोहोंतील अंतर पाहण्याजोगें आहे. मार्गीं लागणें म्हणजे चालूं लागणें. सेटल होणें म्हणजे थांबणें. पूर्वीं आईबापांचा जीव मूल चालूं लागलें कीं खालीं पडे. आतां तें थांबेपर्यंत पडत नाहीं.

हें केवळ आमच्याच शहरांत घडतें असें मात्र कोणीं समजूं नये. हाँगकाँगमधील कँटनी बोलींत 'चाप-स्यू' असा एक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'हार उचलणें'. भावार्थ, इतरांनीं साधलेली संधि आपण गमावून मागें राहणें. असें मागें राहणें म्हणजे घरादाराचा पैसा उधळून टाकण्याहूनहि वाईट, अशा अर्थाची म्हणच तेथें आहे. मुलानें 'सुरुवातीच्या रेषेवरच जिंकलें पाहिजे' असें तेथील आईबाप बोलतात. सिंगापुरांत होक्कियन बोलींतील 'कियासू', म्हणजे 'हरण्याची भीति', हा शब्द तेथील इंग्रजींतहि रुळला आहे. दाट वस्ती, उंच इमारती, थोड्या चांगल्या शाळा आणि पुष्कळ होतकरू मुलें, ही स्थिति आमच्या परिचयाचीच. परंतु क्रियापदांतील फरक लक्षांत घ्यावा. कँटनी माणूस हार 'उचलतो'. उचलणारा तो स्वतः असतो, म्हणून न उचलणेंहि त्याच्या हातीं असतें. आमचा माणूस 'पडतो'. कँटनी शब्द दोष देऊन मोकळा होतो. आमचा शब्द दोष कोणालाच देत नाहीं, आणि म्हणून तो घरभर पसरून राहतो.

येथें विचारी वाचक आम्हांस थांबवितील. ते म्हणतील, अंगणांतल्या खेळाचे शब्द गोड असतील, परंतु तें अंगण सर्वांना खुलें होतें काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांना केवढा विरोध झाला हें सर्वांस माहीत आहे. ज्यांना शर्यतींत उतरूंच दिलें नाहीं त्यांना 'मागें पडशील' अशी धास्ती घालण्याचीहि कोणाला गरज नव्हती. ज्या घरांतून पहिलीच मुलगी आज कॉलेजांत जाते, त्या घरांत 'पुढें जा' हे दोन शब्द आशीर्वादाचे आहेत. तेव्हां स्पर्धाच नको, किंवा जुनें तें सगळें दयाळु होतें, असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं.

उलट याच आक्षेपानें आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होतें. 'मागें' याच अव्ययावरून आपण 'मागास' आणि 'मागासलेला' हे शब्द घडविले, आणि पुढें ते सरकारी कागदोपत्रीं वर्गांचीं नांवें होऊन बसले. पिढ्यान् पिढ्या ज्यांना मागें ठेवलें, त्यांना 'मागें ठेवलेले' न म्हणतां 'मागासलेले' म्हटलें. जणू ते चालतां चालतां आपण होऊन रेंगाळले! ठेवणारा वाक्यांतून नाहींसा झाला आणि उणेपण ठेवलेल्याच्या अंगीं चिकटलें. 'मागें पडणें' यांत आज लहान प्रमाणांत तेंच घडतें. शाळा थोड्या कोणीं ठेवल्या, जागा कमी कां, क्लासचा खर्च कोणाला झेपतो आणि कोणाला नाहीं, हे प्रश्न त्या एका शब्दानें पुसले जातात, आणि सात वर्षांचें पोर एकटें उत्तर द्यावयास उभें राहतें. दोन्ही अन्यायांचें वजन सारखें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु व्याकरण एकच आहे, आणि तें ओळखण्यास शिकलें पाहिजे.

मग करावें काय? शब्दांवर बंदी घालून बोली सुधारत नाहीं, आणि क्लास, कट-ऑफ, गर्दी हीं कांहीं शब्द बदलल्यानें नाहींशीं होणार नाहींत. परंतु घर ही एक जागा अशी आहे कीं जेथें कोणता शब्द वापरावा हें ठरविणें अद्यापि आपल्या हातीं आहे. 'मागें पडशील' हें वाक्य ओठांवर येईल तेव्हां आईबापांनीं स्वतःलाच तीन प्रश्न विचारावे: कोणाच्या मागें, कशांत, आणि कोठवर? उत्तर देतां आलें तर बेलाशक बोलावें. त्या बोलण्याचा मुलाला उपयोग होईल. गणितांत कच्चा असलेल्या मुलाला तूं गणितांत कच्चा आहेस असें सांगण्यांत क्रौर्य नाहीं. उत्तर देतां आलें नाहीं, तर आपण मुलाला केवळ आपली भीति देत आहों असें समजून थांबावें.

आणि निकालाच्या दिवशीं मूल पडेल चेहऱ्यानें घरीं येईल तेव्हां आपल्या भाषेंत शब्दांची वाण नाहीं, हें आठवावें. त्याला भोपळा मिळाला असेल, त्याची दांडी उडाली असेल, त्याला एक वारी आणखी करावी लागेल, फार तर त्याच्यावर राज्य आलें असेल. हे शब्द त्याच्या अपयशाला लहान करीत नाहींत. ते त्याला डावांत ठेवतात. बाहेरच्या जगांत तिघांच्या बांकावर चौथ्याला जागा करून देणारी माणसें रोज भेटतात. तेवढें सरकणें आपल्या घरांतील बोलण्यांतहि असावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.